तापमानाचा आकडा, अंगाला जाणवणारी हवा आणि शहरातले ऋतू

शेवटचा_मजला

हवामानाच्या बातमीत अख्ख्या शहरासाठी कमाल आणि किमान असे दोनच आकडे दिले जातात. माझ्या एका दिवसात मात्र निरनिराळी हवामाने येऊन जातात. राहते घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर असल्याने उन्हाळ्यात दिवेलागण होऊन गेल्यावरही छत आणि पश्चिमेची भिंत धगधगत असते. रस्त्यावर उतरले की डांबराची आच पायांना लागते, कचेरीत शिरले की थंडीने अंग आखडते, आणि वाटेत जुन्या झाडांचा एक पट्टा आहे, तेथे बातमीतला आकडा खोटा वाटावा इतके सुसह्य वाटते. पावसाळ्यात पारा बराच उतरलेला असूनही जीव उन्हाळ्यापेक्षा अधिक घुसमटतो, आणि हिवाळ्यात ज्या सकाळी हवा सर्वांत प्रसन्न वाटते त्याच सकाळी घसा खवखवतो.

हा आकडा नेमका कशाचा असतो? आणि बाहेर पडण्याची वेळ, खिडक्या कधी उघडायच्या, कपडे कुठे वाळवायचे, फिरायला कधी जायचे हे रोजचे निर्णय घेताना तुम्ही हवामानाच्या माहितीतले काय पाहता? शहरात राहणाऱ्यासाठी कमाल तापमान हा सर्वांत निरुपयोगी आकडा आहे, असे माझे मत होत चालले आहे. ते पटत नसल्यास कारणासह सांगावे, आणि अनुभव असतील तर सविस्तर लिहावेत.

वेधशाळेबाहेर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तो आकडा सावलीतल्या, वाहत्या हवेचा असतो. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. पेटी शक्यतो हिरवळीवर, इमारती आणि फरसबंदीपासून दूर, मोकळ्या जागेत असावी असा दंडक आहे. या पेटीची रचना एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्याने केली. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचन घेताना ऊन आत शिरत नाही.

हे सारे नियम एका शहराची दुसऱ्याशी आणि एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता यावी यासाठी आहेत. ती तुलना निर्दोष व्हावी म्हणून ऊन, तापलेली भिंत, डांबर असे जे जे तुम्हाला दिवसभर भेटते ते मोजणीतून जाणीवपूर्वक वगळले जाते. त्यामुळे आकडा निरुपयोगी नाही, त्याचे काम वेगळे आहे, इतकेच.

शरीराचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करत असते आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. भोवतालच्या हवेचे तापमान, आसपासच्या पृष्ठभागांकडून येणारे उष्णतेचे प्रारण, वारा आणि घामाचे बाष्पीभवन या चार गोष्टींवर ते काम सोपे जाणार की अवघड हे ठरते. तुमच्या झाडांच्या पट्ट्यात हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा बहुधा एखाद-दोन अंशांनीच कमी असेल. पण सावलीतली जमीन आणि भिंती उन्हातल्या पृष्ठभागांपेक्षा भर दुपारी ११ ते २५ अंशांपर्यंत थंड असू शकतात, शिवाय डोक्यावरचे ऊनही अडते. अंगाला जो फरक कळतो तो मुख्यतः या प्रारणाचा असतो, आणि पेटीतल्या तापमापकाला तो कधीच दिसत नाही.

छत्रीधारी

याचा अर्थ असा की हिरवळीवर, सावलीत, वाहत्या हवेत, उत्तरेकडे दार करून पांढऱ्या पेटीत उभ्या राहणाऱ्या नागरिकासाठी रोजची बातमी अगदी अचूक असते. अशी पेटी भाड्याने मिळत असल्यास कृपया कळवावे.

जुना_रहिवासी

मला हा सूर थोडा अतिरंजित वाटतो. उन्हाळा पूर्वीही होता, दमट दिवस पूर्वीही होते, आणि माणसे घामाघूम होऊन का होईना आपापली कामे करत होती. फरक पडला आहे तो आपल्या अपेक्षांमध्ये. वर्षभर एकाच तापमानाच्या खोलीत बसण्याची सवय लागली की ऋतू बदलणे हीच तक्रारीची बाब होते. शरीराला उष्णतेची सवय होते, ही वैद्यकातही मान्य गोष्ट आहे, पण ती होण्यासाठी उष्णतेत थोडे राहावे लागते. आकडे पाहून दिवस आखण्यापेक्षा खिडकीबाहेर पाहावे आणि निघावे, असे माझे मत आहे.

रात्रपाळी

जुना_रहिवासी यांच्या म्हणण्यातला सवयीचा मुद्दा खरा आहे, पण तो अर्धाच मांडला गेला आहे. शरीर उष्णतेशी जुळवून घेते, त्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि म्हणूनच मोसमातली पहिली उष्णतेची लाट नंतरच्या तितक्याच तीव्र लाटेपेक्षा अधिक धोक्याची ठरते. शिवाय जुळवून घेणाऱ्या शरीराला मध्ये विसावा लागतो. तो रात्री मिळायचा असतो, आणि शहर नेमका तोच हिरावून घेते.

ल्यूक हॉवर्ड या हौशी हवामान-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडन आणि आसपासचा ग्रामीण भाग यांच्या तापमानांची तुलना करून नोंदवले होते की शहर अधिक उबदार असते, आणि हा फरक प्रामुख्याने रात्री दिसतो. काँक्रीट, विटा आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्यास्तानंतर ती सावकाश सोडतात. अरुंद रस्त्यावरून आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसत असल्याने ही उष्णता वर निघून जाण्याऐवजी समोरच्या भिंतीवर आदळत राहते. माती आणि झाडे कमी असल्याने बाष्पीभवनातून मिळणारा गारवाही नसतो. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री हा परिणाम सर्वाधिक असतो. दिवसा मात्र शहर आणि परिसर यांतला फरक पुष्कळदा किरकोळ असतो, आणि कोरड्या प्रदेशांतली काही शहरे तर दुपारी भोवतालच्या उघड्या जमिनीपेक्षा किंचित थंडही असतात.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत आलेल्या लाटेत एरवीच्या तुलनेत ७३९ मृत्यू अधिक झाले. एकटे राहणारे वृद्ध आणि वरच्या मजल्यांवर राहणारे लोक यांना धोका सर्वाधिक होता, आणि त्या दिवसांत रात्रीही पारा पुरेसा उतरत नव्हता. ती माणसे नाजूक झाली होती म्हणून गेली, असे कोणी म्हणणार नाही.

मी कामामुळे दिवसा झोपतो, त्यामुळे हा हिशेब मला उलटा करावा लागतो. खोली पहाटेच्या गारव्यात मोकळी सोडून, ऊन चढण्याआधी खिडक्या आणि जाड पडदे बंद केले तर दुपारपर्यंत निभावते. मी किमान तापमान पाहतो. ते सलग काही रात्री उतरले नाही तर दुपारचा आकडा कितीही साधा असला तरी मी सावध होतो.

गच्चीवाला

मूळ लेखकाच्या छताबद्दल लिहितो. काँक्रीटचा स्लॅब दुपारी वरून तापतो आणि ती उष्णता त्याच्या जाडीतून खाली उतरायला काही तास घेते, त्यामुळे खोलीचे छत सर्वांत गरम होण्याची वेळ नेमकी संध्याकाळनंतरची असते. पंखा लावला की छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलली जाते आणि पंख्यावर राग निघतो.

यावर छताच्या वरच्या बाजूनेच काम करावे लागते. सूर्यप्रकाशाचा ८० टक्के भाग परतवणारे स्वच्छ पांढरे छत, २० टक्के परतवणाऱ्या करड्या छतापेक्षा उन्हाळ्याच्या दुपारी सुमारे ३० अंशांनी थंड राहते. हा पृष्ठभागाचा आकडा आहे, खोलीतला फरक अर्थातच त्याहून पुष्कळ कमी असतो, पण रात्रीच्या झोपेपुरता तो पुरेसा होतो. आमच्या छताला पांढरा लेप दिल्यावर संध्याकाळी छताला हात लावला तरी चटका बसेनासा झाला. धूळ आणि शेवाळ बसले की परिणाम उतरत जातो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा धुवावे लागते. कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत पांढऱ्या छतामुळे थंडीतली थोडी फुकटची ऊब मात्र गमावली जाते.

खिडक्यांबाबत नियम एकच आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तेव्हाच त्या उघडाव्यात. भर दुपारी मोकळी हवा हवी म्हणून सताड उघडलेल्या खिडकीतून घर तापतच जाते.

दमट_दिवस

पावसाळ्यात पारा खाली असूनही घुसमट का होते, या प्रश्नाकडे येते.

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळण्याऐवजी नुसता ओघळतो आणि शरीराचा तेवढा प्रयत्न वाया जातो. रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारित उष्णता निर्देशांकाच्या तक्त्यानुसार, ३२ अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ती हवा सुमारे ४१ अंशांसारखी जाणवते. हा तक्ता सावलीसाठी आहे. उन्हात उभे राहिल्यास त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

मात्र सापेक्ष आर्द्रतेच्या टक्केवारीने फसू नये. ती तापमानानुसार बदलते, त्यामुळे थंड पहाटे ९० टक्के आर्द्रता असूनही हवा सुखद असते आणि दुपारी ५५ टक्के असूनही अंग चिकचिकते. मी त्याऐवजी दवबिंदू पाहते, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड केल्यास तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा. तो १५ अंशांच्या आत असला की हवा कोरडी आणि मोकळी वाटते, २० च्या पुढे चिकटपणा सुरू होतो, आणि २४ ओलांडल्यावर पंख्याखाली बसूनही मन कशात लागत नाही. कपडे वाळतील की नाही हेही त्यावरूनच बऱ्यापैकी कळते. ओल्या कपड्यांची एक खेप घरात वाळत घातली की दोन लिटरच्या आसपास पाणी खोलीच्या हवेत मिसळते. मग कपाटामागे बुरशी का येते याचा शोध घेण्याची गरज उरत नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचे वाचन, म्हणजे आर्द्र-कंद तापमान, ३५ अंशांवर गेले तर निरोगी माणूसही सावलीत विवस्त्र बसून उष्णता टाकू शकत नाही, ही सैद्धांतिक मर्यादा २०१० च्या एका शोधनिबंधाने चर्चेत आणली. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण आणि निरोगी लोकांची प्रत्यक्ष मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वृद्धांसाठी ती आणखी खाली असणार हे उघड आहे.

छत्रीधारी

दवबिंदू २४ च्या पुढे गेल्यावर मन कशातच लागत नाही, हे आमच्या कचेरीतील वरिष्ठांना अधिकृत पत्राने कळवता येईल काय?

शेवटचा_मजला

@दमट_दिवस, दवबिंदूचा मुद्दा मला नवीन आहे आणि पटण्याजोगा आहे. पंख्याबद्दल मात्र एक शंका आहे. फार उष्ण दिवशी पंखा उलट अपाय करतो, असे ऐकले आहे. ते कितपत खरे?

दमट_दिवस

ते खरे आहे, पण त्याला मर्यादा आहे. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तरीही घाम लवकर वाळत असल्याने काही काळ फायदाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नये, कारण त्यानंतर तो शरीर तापवू लागतो. वृद्धांना घाम कमी येतो, त्यांच्या बाबतीत आणखी आधीच सावध राहावे. अशा वेळी अंगावर पाणी शिंपडून किंवा ओले वस्त्र घेऊन पंख्यापुढे बसणे अधिक उपयोगी ठरते.

पाणी_कुठे_जाते

तापमानावर पुष्कळ लिहून झाले, आता पावसाच्या आकड्याकडे वळू या, कारण तोही तितकाच फसवा आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी जमा होते, आणि फरसबंद शहरात असा प्रत्येक पृष्ठभाग आपले पाणी एकाच वेळी शेजारच्या गटाराकडे पाठवतो. हिरवळीवर पडलेल्या पावसाचा बराचसा भाग जमिनीत मुरतो, तर डांबर आणि छपरांवरून ७० ते ९५ टक्के पाणी वाहून जाते. म्हणूनच दिवसभराची बेरीज पाहून काही कळत नाही. तेच १०० मिलिमीटर पाणी चोवीस तासांत पडले तर छत्रीचे काम आहे, दोन तासांत पडले तर नावेचे.

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी काही भागांत दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्याच वर्षी त्या शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला. काही रस्ते पाणी वाहून नेण्यासाठी आणि काही उद्याने ते साठवण्यासाठी आखायची, हे त्याचे सूत्र. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर तर येथे सर्वांनाच पाठ असतील. समुद्रकाठच्या शहरांत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांच्या मुखाशी पाणी अडते, म्हणून तेथील लोकांनी पावसाच्या अंदाजाइतकेच भरतीच्या वेळापत्रकाकडेही लक्ष द्यावे.

आणखी एक गैरसमज. "दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस" यंदा येऊन गेला, म्हणजे आता नऊ वर्षे निवांत, असे नसते. त्याची शक्यता दरवर्षी १० टक्के असते, आणि कोणत्याही दहा वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के भरते. लागोपाठ दोन वर्षे आला तरी गणिताचा भंग होत नाही, आपलाच होतो.

सायकलस्वार

पावसाच्या विषयात दोन गोष्टींची भर घालतो. पहिली म्हणजे मोठ्या खंडानंतर पडणारा पहिला हलका पाऊस रस्त्यासाठी सर्वांत वाईट असतो. साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर होतो, पुढे जोराच्या सरींनी तो धुऊन जातो. त्या दिवशी वळणावर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर ब्रेक दाबू नये.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. अंदाजातला वेग मोकळ्या मैदानातला, १० मीटर उंचीवरचा असतो. शहरात बहुतेक गल्ल्यांमध्ये वारा त्याहून बराच मंद असतो, आणि मग एका उंच इमारतीच्या कोपऱ्यावर तो अचानक चाक हलवून जातो. उंच इमारत वरच्या थरातला वेगवान वारा अडवते, तो तिच्या अंगावरून खाली येतो आणि कोपऱ्याभोवती आवळला जाऊन आणखी वेग घेतो. थंड प्रदेशांत हे अधिक झोंबते. शून्य अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर वातशीत निर्देशांक, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, सुमारे उणे ६ येतो. मात्र हा निर्देशांक उघड्या त्वचेपुरता आहे. वारा कितीही असला तरी उभी केलेली सायकल हवेच्या तापमानाखाली जात नाही.

सकाळचा_फेरा

मूळ प्रश्नातल्या हिवाळ्यातल्या घशाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

हिवाळ्याच्या निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. एरवी जमिनीजवळची गरम हवा वर जाऊन मिसळते, तशी ती या स्थितीत जाऊ शकत नाही, त्यामुळे वाहनांचा आणि चुलींचा धूर उथळ थरात अडकून राहतो. ऊन चढून जमीन तापेपर्यंत हे झाकण उघडत नाही. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात असाच थर शहरावर बसला, त्यात हजारो लोक दगावले आणि पुढे १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

त्यामुळे ज्या थंड, निश्चल पहाटेला आपण प्रसन्न म्हणतो तीच श्वासासाठी बहुधा दिवसातली सर्वांत वाईट वेळ असते. वर्दळीच्या शहरात राहणाऱ्यांनी हिवाळ्यातला फेरा ऊन चांगले वर आल्यावर घ्यावा. उन्हाळ्यात हे उलटे होते. तेव्हा वाहनांच्या धुरातील वायूंवर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो दुपारी वाढतो, म्हणून पहाट बरी. मी दोन्ही ऋतूंत सूक्ष्म कणांचा आकडा पाहूनच बाहेर पडते. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. अनेक शहरांत ती पाळायची म्हटल्यास हिवाळाभर घरीच बसावे लागेल, म्हणून मी निदान दिवसातली त्यातल्या त्यात बरी वेळ निवडते.

पानगळ

विषयाला धरूनच एक निरीक्षण. समशीतोष्ण प्रदेशांतल्या शहरांत रस्त्यावरच्या दिव्याला लागून असलेल्या फांद्या उरलेल्या झाडापेक्षा उशिरा पाने टाकतात, कारण झाड दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखते आणि दिवा त्याला दिवस संपल्याचे कळूच देत नाही. शहराच्या उबेमुळे वसंतातली पालवीही आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा लवकर फुटते, हे उपग्रहांच्या चित्रांतही दिसते. जुना_रहिवासी म्हणतात की खिडकीबाहेर पाहावे आणि निघावे. खिडकीबाहेरच्या झाडाचाच गोंधळ उडालेला असेल तर काय करावे, हे त्यांनी सांगावे.

जुना_रहिवासी

झाडाला दिवा लावणारे आपणच आहोत, तेव्हा तो विजवावा, असे माझे उत्तर आहे.

रात्रपाळी यांचे शिकागोचे उदाहरण मी मान्य करतो, आजारी आणि एकट्या वृद्धांना सहनशीलतेचे धडे द्यावेत असे मी म्हटलेले नाही. माझा रोख बंदिस्त, थंड खोल्यांकडे होता, आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींमधली माणसे ऋतूनुसार बरीच अधिक उष्णता किंवा थंडी आनंदाने स्वीकारतात, तर बारमाही वातानुकूलित इमारतींमधली माणसे एक-दोन अंशांच्या फरकानेही अस्वस्थ होतात, असे जगभरच्या पाहण्यांतून दिसल्यावर २००४ मध्ये अमेरिकेतील आश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने इमारतींतल्या सुखद तापमानाविषयीच्या आपल्या मानक ५५ मध्ये नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींसाठी वेगळा निकष घेतला. खेरीज वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती स्वतःच्या विजेच्या उष्णतेसह गल्लीत टाकते. ज्याच्या रात्री आधीच गरम आहेत त्या शेजाऱ्याच्या खिडकीशी ती जाते, याचाही हिशेब व्हावा.

रात्रपाळी

या शेवटच्या वाक्यावर आपले पूर्ण एकमत आहे. माझ्या खिडकीखाली अशीच एक पेटी दिवसभर घुरघुरत असते.

कामावरचा_मुकादम

उशिरा लिहितो आहे, पण येथे बहुतेकांनी घर, कचेरी आणि फेरफटका यांचाच विचार केला. मी उघड्यावर काम करणाऱ्या माणसांच्या पाळ्या लावतो, आणि त्यांना सावलीतल्या आकड्याचा काहीच उपयोग नसतो.

आमच्यासाठी एक वेगळे मापन आहे, त्याला डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) म्हणतात. ते १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण छावण्यांत उष्माघात टाळण्यासाठी तयार झाले. उघड्यावर ते काढताना आर्द्र-कंद तापमानाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि सावलीतल्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के भार दिला जातो. या एकाच आकड्यात आर्द्रता, ऊन आणि वारा तिन्ही येतात. तो वाढला की कामाचा वेळ कमी आणि सावलीतल्या विश्रांतीचा वेळ अधिक करायचा, अवजड काम पहाटे उरकायचे, आणि कामावर नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण भार द्यायचा नाही. नव्या माणसाचीच काळजी सर्वाधिक घ्यावी लागते, कारण त्याचे शरीर अजून रुळलेले नसते आणि संकोचामुळे तो थांबायलाही तयार नसतो.

तेव्हा मूळ लेखकाला सांगावेसे वाटते की कमाल तापमान निरुपयोगी आहे हे तुमचे मत आमच्या क्षेत्रातल्या सूत्रातही दहा टक्क्यांइतकेच नाकारले गेले आहे.

वेधशाळेबाहेर

वाक्य छान आहे, पण गणित तसे नाही. आर्द्र-कंद तापमान आणि काळ्या गोळ्याचे तापमान ही दोन्ही हवेच्या तापमानावरही अवलंबून असतात, त्यामुळे हवा तापली की तिन्ही संख्या वाढतात. भार १० टक्के आहे म्हणून महत्त्वही १० टक्के, असा निष्कर्ष काढता येणार नाही. बाकीच्या माहितीशिवाय तो आकडा अपुरा आहे, एवढेच म्हणावे.

कामावरचा_मुकादम

मान्य. तरीही पाळी लावताना मी काळ्या गोळ्याकडेच पाहीन.

शेवटचा_मजला

सर्वांचे मनापासून आभार. कमाल तापमान निरुपयोगी आहे हे विधान मी मागे घेत नाही, पण "एकटे असताना" एवढी जोड त्याला देतो. यापुढे उन्हाळ्यात रात्रीचे किमान तापमान, पावसाळ्यात दवबिंदू आणि पावसाची तासागणिक तीव्रता, हिवाळ्यात सूक्ष्म कण आणि वारा पाहायचा, असे ठरवतो आहे. सकाळच्या फेऱ्याची वेळ तर आजपासूनच बदलली.

छताच्या पांढऱ्या लेपाबद्दल इमारतीतल्या इतरांशी बोलतो आहे, पण पश्चिमेच्या भिंतीचा आणि तिच्यातल्या मोठ्या खिडकीचा प्रश्न उरतोच. तेथे आतून जाड पडदे आहेत, तरी संध्याकाळी खोली तापते. @गच्चीवाला, यावर काही उपाय आहे का?

गच्चीवाला

पडदा आतून असल्याने ऊन काचेतून आत येऊन मग अडते, आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने खिडकीवरच्या आडव्या छज्जाचा त्याला फारसा अटकाव होत नाही. उभ्या झडपा, बाहेरून सोडलेली चटई किंवा जाळीवर चढवलेला दाट वेल यांपैकी काहीही चालेल. भिंतीलाही फिकट रंग द्या. वेल लावणार असाल तर पानगळीची जात निवडा, म्हणजे हिवाळ्यात हवेहवेसे ऊन आत येईल.

पानगळ

आणि त्या वेलाजवळ रात्रभर दिवा ठेवू नका.